‘धोंड्यावर पडलो, असं लिव’

महिना होऊन गेला. सकाळी चहाचा कप हातात होता आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. खाली ओळ होती, ‘आपले धोंडू फौजी यांचे दुःखद निधन.’ पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. मुंबईतल्या पोरांनी लिहिलं, धोंडूकाका गेले, धोंडूआजोबा गेले. त्याचं खरं नाव एकानेही लिहिलं नाही, कारण एकालाही ते ठाऊक नव्हतं. त्याचं नाव शांताराम. शांताराम जाधव. मी ते ग्रुपवर लिहायला घेतलं, दोनदा खोडलं आणि फोन उपडा ठेवून दिला. ज्याने धोंडू हे नाव चिकटवलं त्यानेच लोकांना शहाणपण शिकवायचं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. होय, मीच तो. टोपणनाव गावात आपोआप पडतं म्हणतात. हे पडलं नाही. हे मी लिहून दिलं, तेही इंग्रजीत.

रत्नागिरीजवळ पावसच्या वरच्या अंगाला, सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर आमचं गाव. आमची कुणबीवाडी पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या अलीकडे, त्याची बौद्धवाडी पलीकडे. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे मी रत्नागिरीला अकरावी करून गावच्या टपालघरात चिकटलो आणि तो फौजेत गेला. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो काठी टेकत रजेवर आला, तेव्हा सगळी वाडी बघायला लोटली. त्याच्या आईला आम्ही सगळे आये म्हणायचो. तिचा थोरला बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. धाकट्याला तिने बजावून ठेवलं होतं, तुला गोळी नुसती चाटून गेली असं जरी कळलं तरी परत जाऊ देणार नाही, घराच्या खांबाला बांधून घालीन. आये बोलायची तसं करायची. शांतारामने तिला सांगितलं, धोंड्यावर पडलो. आणि आमच्याकडे कातळावर कोण पडलेलं नाही? सगळ्यांना पटलं. मलासुद्धा.

थोड्या दिवसांनी पलटणीकडून एक छापील फॉर्म आला. तो मीच त्याच्या घरी नेला, कारण भरायलाही मीच लागणार होतो. वाडीत इंग्रजी येणारा दुसरा नव्हता आणि मला त्याचा भारी ताठा होता. ओटीवर बसलो. आये आतल्या दाराशी आमसुलं निवडत होती. नाव, गाव, नंबर झालं आणि एक रकाना आला, इजेचं कारण. मी मराठीत विचारलं. त्याने एकदा आत बघितलं. आमसुलं निवडायचा आवाज थांबला होता.

“धोंड्यावर पडलो, असं लिव,” तो म्हणाला.

मी लिहिलं, ‘फेल ऑन अ स्टोन.’ त्यातला ‘अ’ बरोबर जागी पडला म्हणून मीच माझ्यावर खूश. त्याने खाली मराठीत सही केली आणि मी शिक्का मारून ते थैलीत टाकलं. इथवर ठीक होतं. पण पोस्टमास्तरने लोकांचं पोटात ठेवायचं असतं, आणि मी तेव्हा विशीतला. मनीऑर्डरची वाट बघत बसलेल्या चौघांना मी ते रंगवून सांगितलं, युद्धाला गेला आणि धोंड्यावर पडून आला. शिमगा जवळ आलेला. आमच्याकडे शिमग्यात कोणाचं काय निघेल याचा नेम नसतो. पालखीपुढे पोरं ओरडली, धोंडू फौजी! तो काठी टेकत उभा होता आणि हसत होता. तो हसला म्हणून मीही हसलो. पुढे तो परत पलटणीत गेला, नोकरी पुरी करून पेन्शनीवर आला, लग्न, पोरं, नातवंडं झाली. नाव मात्र धोंडूच.

आये नव्वदी ओलांडून गेली. तिचं सगळं आटोपल्यावर एका दुपारी तो टपालघरात आला. आम्ही दोघेही साठीपार; गावच्या टपालघरात निवृत्ती पासष्टीला, तीही माझी जवळ आलेली. बाकावर बसून राहिला, लोक जाईपर्यंत. मग म्हणाला, मास्तर, आता खरं लिव. आणि त्याने सांगितलं. भाताचं शेत होतं. तोफेचा गोळा पडला. शेजारचे दोघे उठले नाहीत. याच्या गुडघ्यात लोखंड घुसलं, निघालं तेवढं डॉक्टरांनी काढलं, एक तुकडा हाडाशी राहिला तो राहिलाच. मी विचारलं, मग त्या दिवशी मला तरी सांगायचंस की रे.

“आये आयकत होती,” तो म्हणाला.

मग आणखी एक सांगितलं. शेवटच्या आठवड्यात आयेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ह्यो धोंडा काय निघाला नाय रे तुझा. त्याला वाटलं म्हातारी भ्रमात बोलते. मला तसं वाटत नाही. त्या रजेत ती रोज संध्याकाळी तो गुडघा तेलाने चोळायची. चोळणाऱ्या हाताला कळत नाही होय? ती सगळं ओळखून गप्प बसली आणि तिने त्याला परत जाऊ दिलं... आणि हा तिच्यासाठी चाळीस वर्षं धोंडू होऊन बसला.

शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या सैनिकाला पदक मिळतं. त्यासाठी आम्ही अर्ज करायला लागलो. किती वर्षं केले ते मोजायचा आता कंटाळा येतो. सकाळच्या एसटीने रत्नागिरी, सैनिकांच्या कचेरीतला बाक, ‘काका, बसा’ म्हणणारा भला कारकून, दुपारी भजी-पाव आणि परतीची गाडी. कोणी वाईट वागलं नाही, हेच मोठं दुखणं. भांडायला माणूसच नव्हता. त्या धामधुमीतले इस्पितळाचे कागद सापडेनात. सापडला तो एकच कागद, आणि त्याची झेरॉक्स आम्हाला आली. माझं अक्षर. माझा तो ‘अ’. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शांतारामने कागद लांब धरून नीट बघितला आणि म्हणाला, अक्षर बाकी झ्याक हाय तुझं.

एक्सरे काढला. उत्तर आलं, लोखंड दिसतं हे खरं, पण ते कुठून आलं हे एक्सरे सांगत नाही. त्याच्या पलटणीतला एक जण साताऱ्याकडे हयात होता. त्याच्या मुलाने फोन कानाला लावून दिला. शांतारामचं नाव ऐकून तो रडला, पण कुठलं शेत, कुठलं वर्ष, काही आठवेना. शेवटी मी स्वतः प्रतिज्ञापत्र केलं की फॉर्म मी भरला. कचेरीतल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, यांनी जे सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत ना? मी म्हटलं, होय. ते म्हणाले, मग चूक कुठे झाली? आयेचं आमसुलं निवडणं थांबलं होतं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

गेल्या वर्षी कचेरीत शेवटचं पत्र हातात दिलं. अपात्र. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे आता, दमलो. मीही दमलो होतो, पण त्याने तो शब्द उच्चारला आणि मला रडू आलं. त्या दिवशी एसटीत त्याने एकदाच सांगितलं की हे सगळं कशासाठी. सव्वीस जानेवारीला शाळेत त्याला खुर्ची देतात. पोरं जवळ येऊन विचारतात, आजोबा, तुम्ही खरंच धोंड्यावर पडलात? “एक कागद असता तर दावला असता,” तो म्हणाला.

अंत्यविधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा मिलिंद माझ्याकडे आला. हातात वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. रक्षा गोळा करताना एक काळा तुकडा निघाला होता, चिंचोक्याएवढा. काका, हे पाण्यात सोडू की कुठे पाठवायचं, त्याने विचारलं. मी म्हटलं, ठेव माझ्याकडे. माझ्या टेबलावर टपालघराचा निकालात काढलेला पत्रं तोलायचा काटा आहे. जन्माची सवय, म्हणून तुकडा पारड्यात टाकला. साध्या पाकिटाच्या वजनातसुद्धा बसला. साध्या तिकिटात गेला असता.

तो अजून तिथेच आहे. काल त्याच्याकडे बघत बघत मी अखेर ग्रुपवर लिहिलं, ‘शांताराम जाधव. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी.’ मुंबईच्या एका पोराने लगेच विचारलं, ‘हे कोण, काका?’

मग लिहिलं, ‘आपले धोंडू फौजी. ते पडले नव्हते.’