जीपची सोय केली आहे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो! कारण मी हा किस्सा सुरू केला की आमची ही चहा घेऊन बाहेर येते आणि पुढचा सगळा स्वतःच सांगून टाकते. तिच्या तोंडून ऐकला तर मी फारच येडा वाटतो. माझ्या तोंडून ऐकला तरी तसाच वाटतो म्हणा, पण निदान अब्रू आपली आपण घालवल्याचं समाधान!

तर मी तेव्हा परभणीत एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, अक्षराला अक्षर लावायचं, ओळीखाली ओळ रचायची. लग्नसराईत पत्रिकांचा नुसता पाऊस! मग हुशार माणूस काय करतो? छपाई झाली की सगळे खिळे मोडत नाही. 'आपले विनीत', 'आग्रहाचे निमंत्रण', 'स्थळ व मार्ग' असले तुकडे दोऱ्यानं करकचून बांधून फळीवर ठेवून देतो. पुढचं गिऱ्हाईक आलं की उचल तुकडा, बदल नाव, चढव मशीनवर! माझी फळी बघून मालकसुद्धा खूश व्हायचे. मला त्या फळीचा लय गर्व होता.

आणि माझंच लग्न ठरलं.

मुलगी देवगाव फाट्यापासून दीड कोस आत, एका खेड्यातली. सासरे शाळेवर मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. मला पसंत करताना ते चारचौघांत म्हणाले होते, "छापखान्यातला माणूस हाय. अक्षर न् अक्षर बघून काम करतो. आपल्याला असाच जावई पायजे."

ऐकताय ना? अक्षर न् अक्षर!

आमच्याकडची पत्रिका मीच जुळवली. वरचा भाग एकदम नवा. फळीवरच्या तुकड्यांवर गणपती होता. आमी बौद्ध, म्हणून मी तथागतांचा ब्लॉक लावला, 'मंगल परिणय' एकेक खिळा उचलून रचलं. तीनदा तपासलं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. आमच्या पत्रिकेवर काय छापलंय ते आमचे लोक बघायचे, आणि बाकीचे तर अजून बारकाईनं बघायचे. तिथं चूक झालेली चालणार नव्हती.

खालचं मात्र सोपं होतं. त्याच भागातल्या एका मोठ्या जमीनदाराच्या मुलाची पत्रिका महिन्यापूर्वीच केली होती. 'परभणीहून सेलूमार्गे देवगाव फाटा' सगळं तयार! गावाचं नाव तेवढं बदललं आणि तुकडा जसाच्या तसा बसवला. प्रूफ? अहो, एकदा वाचून पास झालेलं मॅटर परत कोण वाचतं? तुमी वाचता?

मी नाही वाचलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी, आई, आबा आणि चुलता एवढेच मुलीच्या गावी मुक्कामाला गेलो. बाकीचे पाहुणे सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरून पायी येणार होते. लग्न अकराला. आपल्यात मुहूर्त नसतो, पण गुरुजींच्या मनगटावरचं घड्याळ मुहूर्तापेक्षा कडक होतं.

अकरा वाजले. मांडवात त्यांच्याकडची दीड-दोनशे माणसं. आमच्याकडची? मोजून चार! त्यात नवरदेव धरलेला!

"येतील, येतील," आबा म्हणाले.

साडेअकरा झाले. मांडवात कुजबुज सुरू झाली.

"पोराकडचे नाराज हायत म्हणं."

"नाराज कशापायी?"

"कोन सांगावं! परभणीत पहिली बायको हाय म्हणं त्याला."

मी तिथंच, तीन हातांवर, पांढऱ्या कपड्यांत बसलेला! बोलू काय? 'न्हाई हो' म्हणलं तर म्हणतील, बघा, लगेच बोलला.

बारा वाजले, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वाटंत काही गडबड तर झाली नसंल ना? कुणी आडवलं असंल तर?"

त्या वर्षांत ही भीती उगाच नव्हती हो. आईच्या डोळ्यांना धार लागली. माझी आत्या, तिची पोरं, आमची सगळी भावकी त्या रस्त्यानं यायची होती. लग्न राहू दे, माणसं सुखरूप असू देत, एवढंच मनात यायला लागलं.

गुरुजी जवळ आले. चेहरा दगडासारखा. "जावईबापू, पत्रिकेवर वेळ काय टाकली तुमी? बघू."

आबांनी खिशातून पत्रिका काढली. ती मीच आधी हातात घेतली. वेळ बरोबर होती. मग नजर खाली गेली. शेवटची ओळ.

'देवगाव फाट्यावर सकाळपासून जीपची सोय केली आहे. पाहुण्यांनी तेथेच थांबावे, ही विनंती.'

आयुष्यात इतकं सुबक छापलेलं संकट मी बघितलं नव्हतं!

"काय झालं?" गुरुजी म्हणाले.

"काही न्हाई," म्हणून मी पत्रिकेची घडी घालून मुठीत दाबली. "आलोच मी."

सांगून टाकायला हवं होतं. पण 'अक्षर न् अक्षर' म्हणणाऱ्या माणसासमोर तोंडच उघडेना. मांडवामागं एक सायकल होती. कुणाची, देव जाणे. टांग मारली आणि सुटलो!

पाठीमागून बाईमाणसाची आरोळी आली, "आगं बया! नवरदेव पळाला!"

मागं वळून बघतोय तर काय! मुलीचे दोन्ही भाऊ ट्रॅक्टर चालू करायलेत, मागं ट्रॉलीत दहा-बारा तगडी पोरं चढायलीत. मी पायडल मारतोय, पांढरी पॅन्ट चेनमध्ये अडकतेय, उन्हानं जीव जातोय. आज लग्न नाही, आज तेराव्याची तयारी, असं वाटायला लागलं.

फाट्यावर पोचलो. लिंबाखाली आमची चाळीस माणसं ठाण मांडून बसलेली! सगळी धडधाकट! मला रडूच आलं. आत्या पत्रिका नाचवत उठली.

"आला व्हय रे? सकाळी आठपासून बसलोत इथं! जीप कुठंय?"

"आत्या, जीप न्हाई."

"न्हाई म्हंजे? छापलंय की हितं! छापलेलं खोटं आसतंय व्हय?"

"आगं, पण दीड कोस तर हाय! चालत यायचं ना!"

"का म्हून चालावं? 'तेथेच थांबावे' म्हून तूच लिवलंस! आमी म्हणलं, पोरगं कमावतंय, हौसेनं जीप केली आसंल. आन् तू सायकलीवर आलास व्हय चाळीस माणसं न्यायला?"

तेवढ्यात ट्रॅक्टर येऊन थांबला. थोरल्या मेव्हण्यानं खाली उडी टाकून माझी कॉलरच धरली. "कुठं पळायलास रे?"

मग मात्र सगळं ओकलो. फळी, दोरा, जमीनदार, जीप. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यासकट सगळ्यांनी ऐकलं. मेव्हण्यानं कॉलर सोडली, डोक्याला हात लावला आणि माझ्या वऱ्हाडाला म्हणाला, "चढा ट्रॉलीत."

मांडवात शिरलो तेव्हा सव्वा वाजला होता. माणसं सुखरूप बघून आई आत्याच्या गळ्यात पडली. गुरुजींनी मेव्हण्याकडून सगळं शांतपणे ऐकलं. मला म्हणाले, "सायकल ज्याची हाय त्याला देऊन या." बस, एवढंच! त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग ते आत गेले, मुलीला विचारायला. अशा माणसाशी लग्न करायचं का, हे तिनंच ठरवावं म्हणाले. मी हार हातात धरून उभा.

थोड्या वेळानं तिची मावशी बाहेर आली. सगळ्यांदेखत मोठ्यांदा म्हणाली, "पोरगी तयार हाय. पण ती विचारायलीय, पत्रिकेवर नवरीचं नाव तरी तिचंच छापलंय ना?"

अख्खा मांडव हसला. गुरुजीसुद्धा हसले. मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

आणि मी काय केलं माहितीय? आत्याच्या हातातली पत्रिका ओढून घेतली, आधी बघून खात्री केली, मगच 'व्हय' म्हणालो.