शिकलेच नाही, तरी प्रशिक्षण पूर्ण

नोकरीत असताना अनेक गुन्हे तपासले, पण सुरगाण्याच्या त्या मुलीची तक्रार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत आली होती. ती मोठ्या भावाबरोबर दारात उभी होती, आत यावं की नाही या विचारात. आमच्या महिला हवालदारांनी तिला बसवून पाणी दिलं.

बारावी झालेल्या त्या मुलीला रुग्णसेवेचं काम शिकायचं होतं. सरकारी योजनेत हे प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणंही मिळतं; पण त्याचा लाभ एकदाच घेता येतो. ती प्रवेशाला गेली, तेव्हा केंद्रावरच्या बाईंनी संगणकात पाहून सांगितलं, तू अपात्र आहेस, तुझं प्रशिक्षण शहरातल्याच दुसऱ्या एका संस्थेत पूर्ण झालं आहे.

"साहेब, मी तं शिकलेच नाय," ती म्हणाली. "मंग माझं शिक्षण झालं कसं?"

त्या दुसऱ्या संस्थेचं नाव तिला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी नोंदणीसाठी म्हणून गावातल्या मुलामुलींना जीपने तिथे नेलं होतं. पुढे बोलावणं येईल असं सांगितलं, ते आलंच नाही.

मी हवालदारांना घेऊन त्या संस्थेत गेलो. संचालक गोड बोलणारे होते. भिंतीवर वर्गांचे फोटो होते, हजेरी चोख होती. मुलं सुट्टीवर गेली आहेत, म्हणाले. वसतिगृहही आनंदाने दाखवलं. बाहेर पडल्यावर हवालदार हळूच म्हणाल्या, "साहेब, पोरींचं वसतिगृह म्हणे, आणि कपडे वाळत घालायला कुठे दोरी नाही. मोरीत साबणाचा डागसुद्धा नाही." माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

संचालकांना ठाण्यात बोलावलं. असा माणूस दरडावलं तर बोलत नाही, उलट सावध होतो. म्हणून मी चहा मागवला आणि मुलांच्या जेवणाबद्दल गप्पा काढल्या. पोळी, भाजी, वरण-भात, त्यांनी भराभर सांगितलं. स्वयंपाक कोण करायचं? एक मावशी होत्या, म्हणाले. मावशींचं नाव विचारलं, तर ते आठवेना. किराणा कुठून यायचा, गॅस कोण द्यायचं, काहीच सांगता येईना. चहा तसाच गार झाला.

दरम्यान मुलीच्या भावाने तो जीपवाला शोधून आणला. घाबरलेला होता, पण सरळ माणूस. त्याने जबाबात सांगितलं, "सकाळी पोरं आणली, फोटो काढलं, अंगठं घेतलं, वडापाव दिला आणि दुपारी परत सोडली." जीपवाल्याला समोर बसवल्यावर संचालकांनी मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. न शिकवलेल्या मुलांच्या नावावर सरकारी अनुदान उचललं जात होतं. गुन्हा नोंदवला, अटक झाली, यथावकाश आरोपपत्रही दाखल केलं.

पोलिसाचं काम इथे संपतं. पण संगणकात ती मुलं अजून प्रशिक्षितच होती. चोरीचा माल सापडला, तर तो मुद्देमाल मालकाला परत देण्याची रीत आहे. गेलेली संधी कुणाच्या हाती परत द्यायची? मी तपासाचा अहवाल घेऊन योजनेच्या जिल्हा कार्यालयात खेटे घालू लागलो. तिथले अधिकारी भले होते, पण असा प्रसंग त्यांच्यापुढेही पहिल्यांदाच आला होता. वरून मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. खोट्या नोंदी रद्द झाल्या आणि मुलं पुन्हा पात्र ठरली.

काही महिन्यांनी ती मुलगी ठाण्यात आली, पांढऱ्या गणवेशात. शिकणं लय अवघड हाय, अशी तिने हसत तक्रार केली. मग पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि सराव करायचा आहे म्हणाली. सगळं ठाणं बाह्या वर करून रांगेत उभं राहिलं. माझी पाळी आली, तेव्हा तिने दोनदा मोजून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "साहेब, तुमचं बीपी वाढलेलं हाय. मीठ कमी करा आणि डॉक्टरला दाखवा."

दोन्ही केलं. आरोपपत्र दाखल झालं म्हणजे प्रकरण निकाली निघालं, असं मी तोवर समजत आलो होतो. त्या दिवसापासून फिर्यादीला काय परत मिळालं, हे विचारल्याशिवाय कुठलीही फाइल बंद केली नाही.