माझ्या पेशंटच्या तोंडात दुसऱ्याचं काम

“मॅडम, हलायलंय.”

दत्ताराव खुर्चीत टेकले आणि वरच्या ओठावर बोट ठेवून म्हणाले. चितेगावचे दत्ताराव माझे जुने पेशंट. त्यांच्या घरातल्या सगळ्यांचे दात मीच बघते. पण हा हलणारा पुढचा दात माझा नव्हता. तो डॉ. निखिलनं बसवलेला होता. आणि खरं सांगते, तो हलतोय हे ऐकून मला बरं वाटलं.

निखिल एकेकाळी माझा असिस्टंट होता. दात कसा धरायचा, हिरडी कशी सांभाळायची, सगळं माझ्याकडं शिकला. आता जालना रोडला त्याचं काचेचं क्लिनिक आहे. बाहेर बोर्ड: ‘सकाळी दात काढा, संध्याकाळी नवा दात लावून घरी जा.’ माझं क्लिनिक गुलमंडीत, कापडाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. त्या बोर्डासमोरून जाताना मी मान दुसरीकडं वळवते. तरी आत किती माणसं बसलीत ते दिसतंच.

दत्तारावांच्या दाताचं मूळ तडकलं तेव्हा ते आधी माझ्याकडंच आले होते. मी नेहमीची पद्धत सांगितली. दात काढू, खड्ड्यात हाड भरू दे, तीन-चार महिन्यांनी इम्प्लांट बसवू. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर दात चढतो.

“तोवर खिडकी उघडी ठेवून हिंडू व्हय?” असं विचारून ते गेले ते गेलेच. निखिलनं दात काढला, त्याच खड्ड्यात स्क्रू बसवला आणि त्यावर तात्पुरता दात लावून त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. हाड भक्कम असेल आणि पू नसेल तर हे करता येतं. मीही त्याचा कोर्स केला आहे. पण माझा हात अजून त्यात बसलेला नाही. जळफळाट होता तो याचाच.

एक गोष्ट मात्र पेशंटच्या डोक्यात शिरत नाही. तो तात्पुरता दात दाखवायचा असतो, चावायचा नसतो. स्क्रूला हाडानं धरायला काही महिने लागतात. तोवर त्यावर जोर पडला की सगळंच ढिलं होऊ शकतं.

“काय खाल्लंत?” मी विचारलं.

“काय नाय.”

“दत्ताराव.”

“ऊस,” ते म्हणाले. “चुलतभाऊ म्हणला, एका दिवसात बसलेला दात हाय व्हय? मंग सोलून दाखव. समदे बसलेले. भावकीत माघार घेता येती का, तुम्हीच सांगा.”

“सोललात?”

“आख्खं कांडं.”

मी एक्स-रे काढला आणि स्क्रीनवर मोठा करून बघत बसले. मी तपासत नव्हते, चूक शोधत होते. स्क्रू तिरका असेल. उथळ असेल. शेजारच्या मुळाला टेकला असेल. काही म्हणजे काही सापडेना. तोंडात बघितलं, तर हिरडीचा काठसुद्धा जागच्या जागी होता. म्हणजे दात काढताना हाडाला धक्का लावला नव्हता. तसं काढायला त्याला मीच शिकवलं होतं. त्यामुळं पोटात आणखीच दुखायला लागलं.

“त्या डॉक्टरनं घोळ घातलाय ना?” दत्तारावांनी विचारलं. “भावकीतले चौघं तिकडंच जायचं म्हणायलेत. तुम्ही नुसतं सांगा, मी त्यांना वळवतो.”

आयतीच संधी चालून आली होती.

“काय हलतंय ते आधी बघू,” मी म्हणाले. “वरचा दात इम्प्लांटला जोडणारा छोटा स्क्रू सैल झाला असेल तर थोडक्यात भागलं. आतलं इम्प्लांटच सुटलं असेल तर ते काढावं लागेल. सोबत हाडही जातं. मग परत हाड भरायचं आणि वर्षभर थांबायचं.”

दत्तारावांचा चेहरा उतरला. “मंग पोरीच्या लग्नात मी असाच?” त्यांनी तोंडावर हात धरला.

वरचा दात उघडायला चावी लागते. प्रत्येक कंपनीच्या इम्प्लांटची चावी वेगळी. माझ्याकडच्या दोन्ही बसेनात. निखिलला फोन करण्यावाचून इलाज नव्हता. जिभेवर ते नाव येईना, तरी केला.

“मॅडम, तुम्ही?” तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. “टेन्शन नका घेऊ. चावी घेऊन मीच येतो.”

तो स्कूटीवर आला, जिना चढून आत आला आणि वाकून नमस्कार केला. तेही मला आवडलं नाही. त्यानं दात उघडला, इम्प्लांटवर तपासणीपुरता छोटा खुंट लावला आणि बाजूला झाला.

“मॅडम, तुम्हीच बघा.”

तोंडात बघायच्या दोन छोट्या आरशांच्या मुठी खुंटाच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच दाबायचं असतं. आत हललं किंवा दुखलं तर इम्प्लांट गेलं. मी मुठी धरल्या. दत्तारावांनी डोळे घट्ट मिटले होते. आणि मी मनात म्हणत होते, हल. एकदा तरी हल. माझ्या पेशंटच्या तोंडात हात घालून मी त्याचं वाईट चिंतत होते.

हललं नाही. खिळा भिंतीत ठोकल्यासारखं पक्कं होतं. सैल झाला होता तो वरचा छोटा स्क्रूच.

“काय हो मॅडम?” दत्तारावांनी डोळे उघडले. “काम कच्चं हाय का? खरं सांगा. तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

निखिल माझ्याकडं बघत होता. ‘आता काही सांगता येत नाही,’ एवढं मोघम वाक्यसुद्धा पुरलं असतं. पण माझा हात अजून त्या खुंटावर होता.

“काम चोख आहे,” मी म्हणाले. “माझ्याहून चोख. ऊस तुम्ही खाल्लात.”

पुन्हा जोर पडू नये म्हणून निखिलनं इम्प्लांटवर टोपण बसवलं. दत्तारावांना काही महिन्यांपुरता काढघालीचा दात दिला आणि उसाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. हाडानं इम्प्लांट धरलं. पक्का दात लग्नाच्या आधी बसला.

लग्नानंतर दत्ताराव पेढे घेऊन आले. दात झकास दिसत होता. मी विचारलं, “भावकी काय म्हणते?”

“चौघं बी निखिल डॉक्टरकडंच गेले. शंका घ्यायले होते, पण मी सांगितलं, गुलमंडीच्या मॅडमनी सोता हात लावून बघितलंय. त्या म्हणल्या, माझ्याहून चोख. मंग कुणी बोललंच नाय.”

ते तोंडभर हसत जिना उतरले. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. दुसऱ्याच्या कामाला चोख म्हणायचं असेल तर पेशंटला आधी बाहेर बसवावं, एवढं मात्र शिकले.