गोचिडीचा ताप

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी गोरेगावच्या शाळेत मास्तर होतो. एकदा मांडीला गोचीड चावली आणि त्यानंतर ताप काही उतरेना, गुडघे सुजले. औषधासाठी सेनगावच्या दवाखान्यात जावं लागे. तिथल्या बाकावर मेंढरं राखणारी एक म्हातारी भेटायची. तिला तेच दुखणं, तीच लाल-पिवळी कॅप्सूल, तीच ताकदीच्या औषधाची बाटली. बाटली ती कोकरासारखी मांडीवर घेऊन बसे. कॅप्सूल मात्र उन्हाकडं धरून हलवून बघे, जणू आत काही जिवंत आहे.

"वेळेवर घेता ना?" मी एकदा विचारलं.

"आधी मेंढीला देते, भाकरीत घालून. तिलाबी गोचीड, मलाबी गोचीड. ती रवंथ करून राहिली, की मंग मी गिळते."

मी हसलो.

पुढच्या खेपेला ती काठी टेकत आली. अंग तापानं फणफणलेलं, गोळ्या पदराच्या गाठीत तशाच. "मेंढी रवंथ करंना, गुरुजी. चाऱ्याला तोंडबी लावंना."

"अहो, मेंढीचं पोट वेगळं. हे माणसाचं औषध आहे. सोडलंत तर जिवावर बेतेल."

तिनं गाठ सोडून एक कॅप्सूल मुठीत धरली. "मंग तुमी घ्या बरं, माझ्या म्होरं."

मी कॅप्सूल तोंडात टाकली. रोज सहज उतरणारी ती त्या दिवशी घशाशीच अडली. पाण्याच्या घोटानं कशीबशी खाली ढकलली. म्हातारीनं आपली मूठ उघडली नाही. ती माझ्या जबड्याकडं टक लावून बघत बसली.

मला वाटलं, आपल्याला रवंथ करता आलं असतं तर!