काल्याची तालीम

धप्प! आणि लगेच पाठोपाठ, फट्ट!

लोणावळ्याच्या इंजिन शेडमागं पहाटे ऐकलेला हा आवाज, इतकी वर्षं झाली तरी कानात आहे. पहिला आवाज माणूस पेंढ्यावर पडल्याचा. दुसरा, पडता पडता त्यानं जमिनीवर तळहात आपटल्याचा. असं पडलं की हाड मोडत नाही.

मी बोलायला हळू. शाळाही बेताचीच. पण चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, त्या तालमीचं सांगा की!" आणि या गोष्टी म्हणजे भाताच्या पेंढ्याची गंजी. एक पेंढी ओढायला जावं, तर दहा अंगावर घसरतात!

* * *

हुसेनभाई आमच्या शेडमध्ये फिटर. आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. गाव टाकवे. लहानपणी गावात कुस्ती शिकले, पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले, तिथं गोऱ्या सोजिरांकडून बॉक्सिंग उचललं. येताना बोटीवरच्या कुणा खलाशानं मनगट पिरगाळायचे डाव दाखवले. लाठी तर घरचीच. या सगळ्यातलं सोपं तेवढं ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. गोकुळाष्टमीला दही, पोहे, लाह्या, लोणचं एकत्र कालवतात ना, तसं. म्हणून लोकांनी नाव पाडलं, काला. वस्तादांनाही ते आवडलं.

पहिल्या दिवशी मी लंगोट लावून, अंगाला तेल चोळून गेलो. वस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सदू, मारामारीला कोन लंगोट लावून येतंय? जा, धोतर नेसून ये. वहाणा बी घाल!"

आमच्याकडं नियमच तो. रोज ज्या कपड्यात फिरता, त्याच कपड्यात शिका. हातात छत्री असते? मग छत्री घेऊन शिका! लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाजारात भांडण लागलंय.

* * *

माझी थोरली बहीण सोनाक्का. सासरी मार खाऊन खाऊन शेवटी माहेरी, कुसगावला आली. घरात दोन म्हशी. दूध घेऊन ती रोज लोणावळ्याच्या बंगल्यांवर जायची. त्या दुधामुळं ती ताठ मानेनं राहायची. कुणाच्या दारात हात पसरायचा नाही.

वाटेत वळणावर एक लाकडाची वखार होती. तिथला मुकादम ओंडक्यावर मिशीला पीळ देत बसलेला. आधी म्हणायचा, "बाई, आमाला बी द्या की घोटभर!" मग वाट अडवायला लागला. एक दिवस त्यानं तिचं मनगट धरलं.

ती रडत आली नाही. पण त्या दिवशी दुधाची कासंडी अर्धी सांडलेली होती.

आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "बास. दसऱ्यापातुर बघतो. न्हाईतर दूध बंद, आन् तुला सासरी घालवतो. हितं अब्रू जाण्यापरीस त्ये बरं."

माझी शेडमध्ये ड्युटी, आबांचा गुडघा धरलेला, तिच्या सोबतीला जायला कुणी नाही. मग आक्का रुळाकडेच्या लांबच्या वाटेनं जायला लागली. दूध पोचेपर्यंत बंगल्यातले चहा उरकलेले असायचे. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं.

एका संध्याकाळी आक्का म्हणाली, "सदू, मला तुज्या काल्यात घेऊन चल."

मी घाबरत घाबरत वस्तादांना विचारलं. त्यांनी स्क्रू आवळता आवळता एवढंच म्हटलं, "लुगडं नऊवारीच नेसती ना? मग काय अडचण? तुमच्या धोतरापरीस बरं!"

* * *

काल्यात पहिला महिनाभर फक्त पडायचं. पुढं पड, मागं पड, कुशीवर पड. आणि पडलं की तळहात आपटून, "हां!" म्हणून, एका दमात उभं राहायचं. ते इतकं अंगात मुरायचं की काही विचारू नका.

आमचा बापू फायरमन. नवं लग्न झालेलं. पहिल्यांदाच सासुरवाडीला गेला. ओटी नुकती सारवलेली, ओली. बापूनं पाऊल टाकलं आणि घसरला!

धप्प! फट्ट! "हां!"

क्षणात उभा. आणि दोन्ही मुठी वळून थेट सासूसमोर!

सासूच्या हातातला गुळपाण्याचा तांब्या तसाच. ती म्हणाली, "जावईबापू, आमचं काय चुकलं का?"

* * *

टाकव्याकडचा एक पैलवान आला. मानेचा पत्ता नाही, असा गडी. म्हणाला, "वस्ताद, ह्यो खिचडीचा खेळ लई ऐकलाय. मला पाडून दाखवा."

आम्ही श्वास रोखून उभे. पैलवानानं शड्डू ठोकला. आणि वस्ताद पळाले!

होय, पळाले! शेडला वळसा घालून, कोळशाच्या ढिगावरून, पाण्याच्या टाकीखालून. पैलवान मागं. आमच्या माना खाली. शेवटी पैलवान धापा टाकत रुळावरच बसला. वस्ताद त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"पैलवान, मी काय जितलो न्हाई. पर मार बी खाल्ला न्हाई. आमचा पैला डाव ह्योच."

पैलवान हसला, पाणी प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी धोतर नेसून हजर!

* * *

आक्का शिकायला आली खरी, पण पंचाईत वेगळीच. तिचं मनगट धरायला कुणी तयार होईना! एवढे दांडगे गडी, सगळे जमिनीकडं बघत उभे.

वस्ताद चिडले. "आरं धरा की! मुकादम काय पंचांग बघून धरनार हाय व्हय?"

शेवटी ते काम माझ्या गळ्यात आलं. भाऊच ना! मी धरायचं, तिनं फिरवायचं, मी पेंढ्यावर. रोज. घरी माझी बायको पाठीला तेल चोळत म्हणायची, "नणंदबाई डाव शिकत्यात आन् हात माजे दुखत्यात!"

पण एक गोष्ट मी पाहिली. पहिल्या दिवशी मनगट धरलं तेव्हा आक्काचे डोळे आपोआप मिटले होते, सासरी मिटायचे तसे. हळूहळू ते उघडे राहायला लागले.

* * *

दसरा तोंडावर आला. एके दिवशी आक्का नेहमीपेक्षा लवकर घरी आली. कासंड्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या.

"जवळच्या वाटंनं गेलते," ती म्हणाली.

"आन् मुकादम?" मी विचारलं.

"व्हता."

एवढंच! आणि म्हशींना वैरण टाकायला गेली.

आबा मात्र काळजीत. "आता त्यो गप बसंल व्हय? बोंब मारंल. गावात तोंड दाखवायची सोय राहायची न्हाई. हिला धाडावीच लागंल."

आणि तसंच झालं. रविवारी मुकादम थेट तालमीत आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, मागं वखारीतले गडी. रविवारी बघे जमायचेच. त्यात आबाही काठी टेकत आले होते.

"वस्ताद, तुमच्या मानसांनी मला गाठून मारलं!"

वस्ताद गंभीर झाले. "माज्या मानसांनी? किती व्हते?"

मुकादमानं मागं आपल्या गड्यांकडं बघितलं. "चौघं! ह्ये असे पैलवान गडी! मागनं आले, म्हनून सापडलो!"

"आपनहून कुनावर हात टाकायचा न्हाई, ही आमची शपथ हाय. ज्यानं मोडली असंल त्याला आत्ता हाकलतो. सगळे लायनीत उभं ऱ्हावा रं! मुकादम, दावा बोट."

आम्ही लायनीत उभे राहिलो. मुकादम एका टोकाहून निघाला. बापूसमोर थांबला, पुढं गेला. टाकव्याच्या पैलवानासमोर थांबला, पैलवानानं मान तिरकी करून बघितलं, मुकादम पुढं गेला. माझ्यासमोर आला तेव्हा तो माझ्या वहाणांकडं बघत होता.

लायनीच्या शेवटी आक्का. पदर खोचून उभी.

"काय मुकादम, ह्यातला कोनीच न्हाई?" वस्तादांनी विचारलं.

मग आक्कानं, दुधाचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मुकादम, नीट आठवा. चौघंच व्हते का?"

मागच्या गड्यांतल्या एकानं आधी आक्काकडं बघितलं. मग मुकादमाच्या गळ्यातल्या हाताकडं.

मुकादमानं डाव्या हातानं पागोटं सारखं केलं, वळला, आणि चालायला लागला.

आबा काठी टेकत आक्काजवळ आले आणि म्हणाले, "उद्या बी जवळच्याच वाटंनं जा."