पहिल्या हुकमात ऐकणारा डबा

मंडळी, आज साहेबांच्या एका बोटानं आमचा साखर कारखाना तासभर आंधळा झाला. पाप माझंही आहे.

आमचं सगळं नेटवर्क बाहेरचे घुसखोर अडवणाऱ्या एका फायरवॉलच्या डब्यामागं चालतं. युसूफ वडगाव या गावातल्या आमच्या गट ऑफिसची लाइन चालू आहे का, हे तपासायला त्यात एक रकाना आहे. तिथं नुसता पत्ता टाकायचा. पण सकाळी लक्षात आलं की पत्त्यापुढं अर्धविराम देऊन काहीही हुकूम लिहा, डबा निमूट पाळतो. पासवर्डसुद्धा विचारत नाही.

मॅनेजर साहेब नांदूरघाटच्या किराणा दुकानदाराच्या घरातले. म्हणून मी सांगितलं, "साहेब, सामानाच्या चिठ्ठीखाली गिऱ्हाइकानं 'दुकान बंद करा' लिहिलं अन् नोकरानं खरंच शटर ओढलं, तसं हाय हे."

"असं कुठं असतंय बे," म्हणत त्यांनी, मी नमुना म्हणून त्या रकान्यात लिहून ठेवलेल्या, डबा बंद करायच्या हुकमावर एंटर दाबलं.

डबा बंद. वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद. उसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. डब्याच्या कंपनीला फोन केला, तर म्हणे, "दुरुस्ती वेबसाइटवर आहे, डाउनलोड करा." इंटरनेट त्याच डब्यातून येतं.

शेवटी डबा हातानं चालू केला आणि दुरुस्ती टाकायला बसलो. साहेब मागं येऊन उभे राहिले. म्हणाले,

"कावून दुरुस्त करायला लागलास? या हापिसात माझं पहिल्या सांगण्यात ऐकणारं हे एकच हाय."