मागनं येणाऱ्याचं पाणी

मुलाखतीच्या दिवशीच एस.टी. आली नाही. लातूर जिल्हा नवानवा झाला होता, कचेरीत कारकून भरायचे होते आणि आमच्या बौद्धवाड्यात मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच. फाट्यावर ऊन तापेपर्यंत वाट बघितली. मी रडकुंडीला आले तशी आई म्हणाली, “रडून काय मोटार येनार हाय? ऊठ. लाईनीनं जाऊ.”

लाईन म्हणजे खाणीतली खडी नेणारी जुनी रेल्वे. खाण बंद पडली, तशी गाडीही. गंजके रूळ मांजरा नदीच्या कडेनं, बाभळीच्या बनातून लातूरच्या अंगाला तसेच पडून होते. दुष्काळ असा, की शेळ्यांसाठी बाभळीचा पालासुद्धा लोकांनी ओरबाडून नेलेला. सावली नावालाच. नव्या चपला मी हातात धरल्या होत्या. शहराच्या तोंडाशी पाय पुसून मग त्या घालायच्या, हे आमच्याकडं ठरलेलंच. आई पुढं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई ती, तिला खडीवरून चालायचं काय विशेष! माझे मात्र तळपाय सोलून निघाले.

पुलाशी आलो आणि दोघीही थबकलो. रूळ होते, पण रुळांखालची लाकडं गायब. पाय ठेवायला जागाच नाही.

“कुण्या मेल्यानं नेली?” मी ओरडले.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. “आपल्या दाराची चौकट कशाची हाय गं?”

अख्ख्या गावानं एकेक करून नेली होती, आणि त्यात आम्हीही! करावं तसं भरावं. मुकाट्यानं पात्रात उतरलो.

नदीत वाळूच वाळू. मधोमध कुणीतरी वाळू उकरून झिरा केलेला, तळाशी ओंजळ-दोन ओंजळ पाणी. चपला बाजूला ठेवून आम्ही अधाशासारख्या प्यायलो. पाणी गढूळ झालं, कडेची वाळू आत ढासळली. मी उठले, आई उठेना. प्यालेल्यानं झिरा साफ करून उठायचं, अशी रीत होती. ती गाळ उपसायला लागली.

“आई, चल ना! माझं नाव पुकारून जाईल.”

“मागनं येनाऱ्यानं काय गाळ प्यावा?”

“या उन्हात मागनं कोण येतंय मरायला?”

“गावच्या विहिरीवर आपल्याला लांबून वाढतेत पानी. हितं समद्यांचं एकच हाय. हितं घान करून मी उठनार न्हाई. बोलत काय राहिलीस, हात लाव.”

असा संताप आला होता मला! दातओठ खात मी वाळू काढली. नितळ पाणी वर येईपर्यंत तिनं काही मला सोडलं नाही.

कचेरीत पोचलो तर नाव पुकारून झालं होतं. “पुढल्या वेळी या,” शिपाई म्हणाला. पुढली वेळ कुठली? मी दारातच बसकण मारली. हलणार नाही म्हणजे नाही! सगळे गेले, शेवटी साहेब बाहेर आले. माझ्या पायांकडं बघून म्हणाले, “चपला कुठंयत?”

तेव्हा ध्यानात आलं. झिऱ्यावरच राहिल्या होत्या; धावपळीत शहराच्या तोंडाशीही आठवण झाली नव्हती. मग मोटार, पूल, झिरा, सगळं सांगून टाकलं. चौकटीचं तेवढं गिळलं. ते परत खुर्चीत जाऊन बसले आणि माझी मुलाखत अनवाणीच झाली. नोकरी मिळाली, पण ते कळायला पुढं महिना गेला. त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर चपलांसाठीच हळहळत होते.

दिवस कलताना पुलाखाली आलो. झिऱ्याचं पाणी नितळ होतं, आणि काठावर उपसून टाकलेली वाळू अजून ओली होती. आमची तर केव्हाच सुकली असणार. बाजूच्या दगडावर माझ्या चपला जोडीनं ठेवलेल्या, कुत्र्यानं नेऊ नयेत म्हणून वर बाभळीची काटेरी फांदी टाकलेली.

आईनं काटे उचलून बाजूला केले. “बघ. आलं हुतं की न्हाई मागनं कुनी?”

मी वाकून पोटभर पाणी प्यायले. मग तिनं सांगायच्या आत गाळ काढायला बसले.